डमडमची दोन कार्डे

कोलकात्याच्या विमानतळाला नेताजींचे नाव देऊन बराच काळ लोटला, तरी जुन्या माणसांच्या तोंडी तो डमडमचाच विमानतळ राहिला आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे गाव वेगळ्या कारणांनी ठाऊक असते. १७८३ ते १८५३ या काळात बंगाल तोफखान्याचे मुख्यालय येथे होते. जानेवारी १८५७ मध्ये चरबी लावलेल्या काडतुसांची वार्ता येथील छावणीत एका खलाशाच्या तोंडून फुटली, असे सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथल्या शस्त्रागारात तयार झालेली, शरीरात शिरून पसरणारी गोळी तर इतकी कुप्रसिद्ध झाली, की १८९९ च्या हेग परिषदेत तशा गोळ्यांवर बंदी घालावी लागली. मात्र मराठी घरांशी या गावाचे नाते अधिक सुरेल आहे. १९२८ पासून ग्रामोफोन कंपनीचा कारखाना डमडमला होता आणि फोनोशेजारी बसलेल्या कुत्र्याचे चित्र असलेल्या कितीतरी तबकड्या तेथूनच आपल्या आजोबांच्या दिवाणखान्यात पोहोचल्या.

२०२१ च्या विधानसभा निवडणुकीत निरीक्षक म्हणून माझी नेमणूक उत्तर २४ परगणा जिल्ह्यात झाली. मराठी अधिकारी बंगालात गेला की पहिल्याच ओळखीत कोणीतरी हसत हसत 'बर्गीं'ची आठवण काढते. अठराव्या शतकातील मराठी घोडदळाच्या स्वाऱ्या तेथील माता अजून मुलांना झोपवताना विसरलेल्या नाहीत. चौथाई हाही एका अर्थी विम्याचा हप्ताच होता, असे मी एकदा म्हणून पाहिले. विनोद फारसा जमला नाही. असो.

एका सकाळी मतदान केंद्रांची पाहणी आटोपून नागेरबाजारजवळ जेसोर रोडच्या कडेला चहासाठी थांबलो होतो. मातीच्या भांड्यातला चहा घेत बाजूला एक वृद्ध गृहस्थ बसले होते. आयुष्यभर एका अभियांत्रिकी कारखान्यात फिटर होते. त्या कारखान्याचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. तो केव्हाच बंद पडला. निरीक्षकाने राजकारणावर बोलायचे नसते, म्हणून मी प्रकृतीची चौकशी केली. "दादा, तब्येत कशी आहे?" असे विचारताच त्यांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात दोन कार्डे होती. एक कडा झिजलेले, राज्य कामगार विमा योजनेचे जुने ओळखपत्र. दुसरे काही महिन्यांपूर्वी 'दुआरे सरकार'च्या शिबिरात मिळालेले 'स्वास्थ्य साथी'चे कोरे करकरीत कार्ड, पत्नीच्या नावाचे. त्यांचा प्रश्न एवढाच होता, की पहिले कार्ड होते तेव्हा खोकल्याचे औषधसुद्धा मिळे; दुसऱ्या कार्डावर पाच लाख लिहिले आहेत, पण त्यांना मधुमेह आहे आणि दरमहा गोळ्या पदरमोड करून घ्याव्या लागतात. मग विमा वाढला की कमी झाला?

प्रश्न साधा वाटला तरी त्याचे उत्तर मला तेथे देता आले नाही. नंतर शोधत गेलो तेव्हा लक्षात आले, की त्या पिशवीत ऐंशी वर्षांची दोन सरकारी टिपणे शेजारी शेजारी ठेवलेली होती, आणि दोन्ही टिपणांवर मराठी मुलखातल्या माणसांची नावे होती.

पहिल्या टिपणाची सुरुवात जिनिव्हात होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९२७ मध्ये कामगारांच्या आजारविम्याविषयी करार संमत केले. हिंदुस्थान सरकारने ते मान्य केले नाहीत. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात आजारविम्याची गरज मान्य केली. त्या आयोगावर आपले ना. म. जोशी सदस्य होते. त्यानंतर जे झाले ते कोणत्याही कारकुनाला ओळखीचे वाटेल. आजारांची आकडेवारी उपलब्ध नाही, ती गोळा करण्यास खर्च येईल, प्रांतांचे मत मागवावे, प्रांत म्हणतात पैसा नाही. बारा वर्षे या फिरतीत गेली.

ही फिरती थांबली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना. मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांची विशेष कार्य अधिकारी म्हणून नेमणूक झाली. हे अलाहाबाद विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक. काम असे, की औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना आखून द्यावी. विलायतेत बेव्हरिज यांचा अहवाल काही महिन्यांपूर्वीच, डिसेंबर १९४२ मध्ये, प्रसिद्ध झाला होता, त्यामुळे आडारकरांना पुढे 'छोटा बेव्हरिज' म्हटले गेले. त्यांनी १९४४ मध्ये अहवाल दिला. आकडे नाहीत ही सबब त्यांनी अडसर होऊ दिली नाही. कापड, अभियांत्रिकी आणि खनिज-धातू या तीन गटांतील बारमाही कारखान्यांपुरती योजना त्यांनी सुचवली. ती सक्तीची असावी, मालक आणि कामगार दोघांनी वर्गणी भरावी, आणि ती समजायला इतकी सोपी असावी की तंटे कमीत कमी व्हावेत. आपल्याकडे योजना आखणाऱ्याने शेवटची अट घातल्याची उदाहरणे फार नाहीत.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे दोन तज्ज्ञ, मॉरिस स्टॅक आणि रघुनाथ राव, यांनी हा अहवाल तपासून त्याची व्याप्ती वाढवली. सर्व बारमाही कारखाने घ्यावेत, बाळंतपण आणि अपघात-भरपाई यांचाही त्यात समावेश करावा, असे त्यांनी सांगितले. पण त्यांनी आणखी एक सूचना केली आणि तिचे परिणाम डमडमपासून परळपर्यंत आजही दिसतात. रोख रकमेचे लाभ केंद्रीय मंडळाने द्यावेत आणि वैद्यकीय सेवा प्रांतांनी चालवावी, अशी ती सूचना होती. पैसा एकाकडे, दवाखाना दुसऱ्याकडे. वैद्यकीय खर्चात महामंडळाचे सात भाग आणि राज्याचा एक भाग, असे प्रमाण पुढे रूढ झाले. ज्याच्या वाट्याला एक अष्टमांश खर्च आहे, त्याच्याच हाती रुग्णालयाची भरती, खरेदी आणि दुरुस्ती आहे. तेव्हा तुटलेली खाट कोणाची, या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी उत्तम इंग्रजीत पत्रव्यवहार होऊ शकतो. तसा मी पाहिला आहे.

दुसरे टिपण सर जोसेफ भोर यांचे. हे मूळ नाशिकचे, डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी, सनदी सेवेतले. त्यांच्या समितीने १९४६ मध्ये दिलेला अहवाल वेगळ्याच पायावर उभा होता. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहता कामा नये. आणि ज्या देशात बहुसंख्य लोकांना वर्गणीच परवडत नाही, तेथे सरकारने करांच्या उत्पन्नातून सर्वांसाठी सेवा उभारावी. आडारकरांच्या योजनेत हक्क वर्गणीतून येतो, भोरांच्या योजनेत तो नागरिक असण्यातून येतो. आपण दोन्ही अहवाल स्वीकारले आणि दोन्ही अर्धे अमलात आणले. योगायोग असा, की एप्रिल १९४८ मध्ये आपल्या संसदेच्या पूर्वावताराने कामगार राज्य विमा कायदा केला आणि त्याच वर्षी ५ जुलैला ब्रिटनने आपली १९११ पासूनची विमा आणि पॅनेल डॉक्टरांची पद्धत मोडीत काढून करांवर चालणारी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली. त्यांनी जो अंगरखा उतरवला, तो आपण शिवायला टाकला.

कायदा झाला म्हणजे योजना सुरू झाली असे नव्हे. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपुरात पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झाले. त्याच दिवशी दिल्लीतही योजना लागू झाली. मधली चार वर्षे एका गुंत्यात गेली, आणि आजच्या सुधारणांचा विचार करणाऱ्याने तो गुंता मुद्दाम पाहावा. कानपूरच्या गिरणीमालकांचे म्हणणे असे, की आम्हीच आधी वर्गणी भरायची आणि मुंबई-कलकत्त्याच्या मालकांनी नाही, तर आमचा माल महाग पडेल. म्हणून १९५१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. योजना जेथे सुरू झाली तेथील मालकांनी एकूण वेतनाच्या सव्वा टक्का आणि जेथे सुरू झालेली नाही तेथील मालकांनीही पाऊण टक्का विशेष वर्गणी भरावी, असे ठरले. खर्च देशभर पसरला. लाभ दोन शहरांतच राहिला. मुंबईत योजना १९५४ मध्ये आली, कलकत्ता शहर आणि हावडा जिल्ह्यात १४ ऑगस्ट १९५५ रोजी. डमडम शहराच्या हद्दीबाहेर, तेव्हाच्या अखंड २४ परगणा जिल्ह्यात. सीमेच्या पलीकडचा मालक पैसे भरत होता आणि त्याचा कामगार वाट पाहत होता. मालकांची तक्रार दूर करण्यासाठी काढलेला तोडगा हिशेबाने निर्दोष होता, हे मान्य केले पाहिजे.

मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही शहरांत दवाखाने उभारण्याऐवजी पॅनेलची पद्धत घेतली गेली. मोहल्ल्यातल्या खासगी डॉक्टरने आपल्या यादीवर विमाधारक कामगार घ्यायचे आणि दर डोई दर वर्षी ठरावीक रक्कम घ्यायची. रोगी आला काय आणि न आला काय, रक्कम तीच. या पद्धतीत डॉक्टर घाई करतो, ही तक्रार गिरणगावातही होती. 'ईएसआयचा डॉक्टर म्हणजे रजेचा दाखला' असे लोक म्हणत. पण तिची एक बाजू फारशी सांगितली जात नाही. रोगी बरा राहिला तर त्या डॉक्टरचे नुकसान होत नसे. खोकला, ताप, रक्तदाब यांसाठी कामगाराला खिशात हात घालावा लागत नसे. १९५८ पासून कुटुंबीयांनाही उपचार मिळू लागले. डमडमच्या त्या गृहस्थांच्या पत्नीची दोन्ही बाळंतपणे याच योजनेत झाली होती. ते सांगताना त्यांनी माणिकतला रुग्णालयाचे नाव जवळजवळ माहेरच्या आपुलकीने घेतले.

मग ते योजनेबाहेर कसे गेले? आजारामुळे नाही, कारखाना बंद पडल्यामुळेही नाही. पगार वाढला म्हणून. मूळ कायद्यात दरमहा ४०० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगारच विमाधारक होता. ही मर्यादा १९६६ मध्ये ५००, १९७५ मध्ये १,०००, १९८५ मध्ये १,६००, १९९२ मध्ये ३,००० आणि १९९७ मध्ये ६,५०० झाली. महागाई भत्ता दर काही महिन्यांनी हलतो, मर्यादा सात-आठ वर्षे हलत नाही. पगारात खरी वाढ एक पैशाची झालेली नसताना केवळ भाव वाढल्यामुळे माणूस गरिबाच्या व्याख्येबाहेर ढकलला जातो. वर्गणीचे सहामाही पर्व संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्चअखेरपर्यंत, त्याचे नाव राहते, मग कटते. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी त्यांचे नाव असेच कटले. घरी त्या महिन्यात पगारवाढीचे संदेश आणले होते, असे ते म्हणाले. पुढे कारखाना बंद झाला. तेव्हा ते विमाधारक नव्हतेच, म्हणून २००५ मध्ये सुरू झालेला बेकारी भत्ता आणि त्यासोबतचे उपचार त्यांना लागू नव्हते. पाच वर्षे विमायोग्य नोकरी करून निवृत्त होणाऱ्याला वर्षाला १२० रुपये भरून पती-पत्नींचे उपचार चालू ठेवता येतात, पण तेव्हा निवृत्तीच्या वेळी तो विमाधारक असावा लागे. आपल्याकडे १९८२ च्या संपानंतर गिरणी कामगारांचे जे झाले, त्याचेच हे सौम्य रूप. विमा नोकरीला बांधला, की नोकरीबरोबर तो बुडतो, आणि बुडतो तो नेमका गरज वाढत्या वयात.

मर्यादा २००४ मध्ये ७,५००, २००६ मध्ये १०,०००, २०१० मध्ये १५,००० आणि १ जानेवारी २०१७ रोजी २१,००० झाली. २०२५ संपेपर्यंत ती तेथेच होती. दरम्यान १ जुलै २०१९ पासून वर्गणी मात्र घटवण्यात आली. १९९७ पासून मालकाचे पावणेपाच टक्के आणि कामगाराचे पावणेदोन टक्के होते, ते सव्वातीन टक्के आणि पाऊण टक्का झाले. २१,००० वेतनावर कामगार १५७ रुपये ५० पैसे भरतो, मालक ६८२ रुपये ५० पैसे. एकूण ८४० रुपयांत सबंध कुटुंबाचा बाह्यरुग्ण उपचार, औषधे, शस्त्रक्रिया आणि आजारपणाची भरपाई. बाजारात एवढ्या पैशात असे संरक्षण कोणी विकणार नाही. तरी मालकाला दर घटल्याचा आनंद झाला आणि कामगाराला हातात थोडे अधिक आल्याचा. ओसाड दवाखान्यांत डॉक्टर नेमण्याविषयी त्या वेळी फारसे कोणी बोलले नाही. माझ्या मते दर कमी करण्याऐवजी मर्यादा वाढवणे अधिक शहाणपणाचे ठरले असते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने योजनेचा भौगोलिक विस्तार देशभर केला, धोकादायक उद्योगात एकच कामगार असला तरी त्याला आत घेतले, आणि फिरत्या ॲपवरच्या कामगारांचे नाव कायद्यात प्रथम लिहिले. वेतनाची व्याख्याही बदलली आहे. व्याख्येतला एक भत्ता इकडचा तिकडे झाला की किती घरे आत येतील आणि किती बाहेर जातील, हे जुन्या फिटरला विचारावे.

आता दुसरे कार्ड. ही भोरांच्या विचाराची दूरची नात. २००८ मध्ये केंद्राने दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी ३०,००० रुपयांचा विमा आणला. महाराष्ट्राने २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू केली. २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले आणि २०२३ मध्ये ती पाच लाखांच्या संरक्षणासह सर्व कुटुंबांना खुली करण्याचा निर्णय झाला. पश्चिम बंगालने ३० डिसेंबर २०१६ रोजी स्वास्थ्य साथी सुरू केली. आरंभी दीड लाखापर्यंत विमा कंपनी आणि त्यावर पाच लाखांपर्यंत सरकारची थेट हमी होती. पुढे सगळाच भार सरकारने स्वतःकडे घेतला. कुटुंबातील माणसांच्या संख्येला मर्यादा नाही, पती आणि पत्नी दोघांचेही आईवडील त्यात येतात, कार्ड घरातील ज्येष्ठ स्त्रीच्या नावे, आणि १ डिसेंबर २०२० पासून उत्पन्नाची अट न ठेवता ती सर्वांना खुली झाली. सासू-सासऱ्यांना आणि आईवडिलांना एकाच कार्डावर आणणाऱ्या या तरतुदीचे मला मनापासून कौतुक वाटते. २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राची आयुष्मान भारत आली. खर्च केंद्राचा साठ टक्के, राज्याचा चाळीस टक्के. बंगाल प्रथम सामील झाला आणि जानेवारी २०१९ मध्ये बाहेर पडला. घरोघर गेलेल्या पत्रांवर कोणाचे छायाचित्र असावे, हा वादाचा एक मुद्दा होता. राज्याने साठ टक्क्यांचा वाटा सोडला आणि सारा खर्च स्वतः उचलला. बंगाली मजूर परराज्यात आजारी पडला तर केंद्राच्या योजनेतली देशभर कोठेही उपचार घेण्याची सोयही त्याच्यासोबत गेली. सुरत किंवा मुंबईत गवंडीकाम करणाऱ्या माणसाला ही बाब छायाचित्राहून मोठी आहे.

या सर्व नव्या योजनांचा सांगाडा एकच आहे. रुग्णालयात दाखल झाले तर ठरलेल्या उपचाराला ठरलेली रक्कम. दर कमी ठेवला तर खासगी रुग्णालय खाट रिकामी नाही म्हणते. वाढवला तर अनावश्यक शस्त्रक्रिया वाढतात. जिल्ह्यात काम करताना माझ्यापुढे एक प्रकरण आले होते. कार्डावर संपूर्ण मोफत असलेल्या शस्त्रक्रियेसाठी एका रुग्णालयाने शेतकऱ्याकडून अनामत घेतली होती, आणि पावतीवर 'देणगी' लिहिले होते. पैसे परत करवले, पण अशी एक पावती माझ्यापर्यंत आली; न आलेल्यांचे काय, हे तेव्हाही ठाऊक नव्हते. शिवाय मधुमेहामुळे पाय कापावा लागला तर तो खर्च कार्डात बसतो. पाय कापावा लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. सरकारी रुग्णालयात गोळ्या मिळतात, पण सत्तरीच्या माणसाने त्यासाठी पहाटे रांगेत उभे राहावे लागते. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला असे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. उतार मोठा आहे. उरलेल्यात औषधांच्या दुकानाचा वाटा किती, हे प्रत्येकाने आपल्या घरच्या बिलांवरून पाहावे.

मध्यमवर्गाचे सुख निराळे आहे असे नाही. डमडमच्या नव्या सदनिकांत राहणारी, सॉल्ट लेकच्या संगणक कंपन्यांत जाणारी मुले कंपनीच्या गटविम्यावर अवलंबून असतात, आणि तोही नोकरीबरोबर संपतो. स्वतःचा विमा घ्यावा तर वय वाढेल तसा हप्ता वाढतो. नियामकाने २०२४ मध्ये जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला आणि ६५ वर्षांची प्रवेशमर्यादा काढली. जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांचा हप्ता परवानगीवाचून वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवण्यास मनाई केली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील अठरा टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला. त्यासाठी नागपूरच्या विमा कर्मचाऱ्यांच्या निवेदनावरून २०२४ मध्ये नितीन गडकरी यांनी अर्थमंत्र्यांना पत्र लिहिले होते आणि ममता बॅनर्जींनीही तीच मागणी केली होती. नागपूर आणि कोलकाता एका बाजूला असल्याचा हा विरळा प्रसंग. कर गेला, पण कंपनीने स्वतः भरलेल्या कराची वजावटही गेली. तेव्हा अठरा टक्के पूर्ण खाली येतील असे मानणारा माणूस हिशेबनीस नसावा. गटविम्यावर कर राहिलाच.

चहा संपल्यावर त्या गृहस्थांनी जुने कार्ड पुन्हा पिशवीत ठेवले. ते आता चालत नाही, मग जवळ का बाळगता, असे मी विचारले. त्यावर त्यांचा विमा क्रमांक आणि पॅनेलच्या डॉक्टरचे नाव आहे, ते डॉक्टरबाबू वारले, त्यांचा मुलगा त्याच दवाखान्यात बसतो आणि हे कार्ड दाखवले की तपासणीचे पैसे घेत नाही, असे त्यांनी सांगितले. गोळ्यांचे मात्र द्यावे लागतात.